पेढी सुरतला चाललीय. जावं का?

पुडीवाला:

नमस्कार मंडळी. इथे रोज वाचतो, लिहितोय पहिल्यांदा. लोकलमध्ये उभ्या उभ्या टाइप केलंय, शुद्धलेखन चालवून घ्या.

मी हिऱ्याच्या पेढीत असॉर्टर आहे, तयार मालाच्या खात्यात. समोर पांढरा कागद, हातात चिमटा, डोळ्याला आयग्लास. प्लस अकराची, म्हणजे चाळणीच्या त्या मापाच्या हिऱ्यांची, पुडी उघडायची, कलर वेगळा काढायचा, प्युरिटी वेगळी काढायची. काळा डाग मधोमध असेल तर एका ढिगात, कडेला असेल तर दुसऱ्या. मग मोजून, तोलून पुन्हा पुडीत. १९ वर्षं एकाच शेठकडे. सुरुवात ऑपेरा हाउसला पंचरत्नमध्ये झाली. २०११ च्या जुलैत तिथे स्फोट झाला, त्यानंतर आमचं बिऱ्हाड बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, भारत डायमंड बोर्स या हिरे बाजारात आलं. बाकीचे कुरकुरत होते, मी खूश. कारण मी डोंबिवलीचा. दादरचा पूल चढून चर्नी रोडची गाडी पकडायची कटकट गेली. कुर्ल्याला उतरा, शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा, झालं.

आता शेठ सुरतला निघालेत. कारखाना तिथे कतारगामला आधीपासून आहेच. माल तिथे तयार होतो, अंगडियाकडून, म्हणजे माल पोचवणाऱ्या खाजगी कुरियरवाल्याकडून, इथे येतो, आम्ही निवडतो, विकला जातो, उरलेला परत जातो. खजोदला सुरत डायमंड बोर्सचं उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ ला झालं. नऊ टॉवर, साडेचार हजारांच्या आसपास ऑफिसं. त्यातलं एक आमच्या शेठचं, ते तेव्हापासून नुसतं पडून आहे. इथे बीकेसीचा खर्च चालूच. त्यात लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यांनी भाव पाडले, २०२५ मध्ये अमेरिकेने आयातकर ५० टक्क्यांवर नेला तेव्हा तर आठवडाभर टेबलावर पुडीच नव्हती. त्यांच्या बाजूने हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर लाभपंचमीचा मुहूर्त थेट सुरतेत. गणपती उठले की उत्तर द्यायचंय. पगार तोच, हातात ४६ हजार. दोन वर्षं २ बीएचके फ्लॅट फुकट, फक्त लाइट बिल आपलं. एका मुलाची शाळेची फी. मी जरा गप्प बसलो तर शेठ म्हणाले, "आटला पगारमां सुरतमां राजा थईने रहीश."

घरी येऊन कालनिर्णयच्या मागच्या पानावर राजाचा हिशेब मांडला. बायको पतपेढीत आहे, घरापासून चालत सात मिनिटं, तिचे १७ हजार. म्हणजे आज घरात ६३ येतात. त्यातून फ्लॅटचा हप्ता ११,४०० जातो, तो सुरतला गेलो तरी जाणारच. तिकडे गेलो तर तिचे १७ बंद. इथला वन बीएचके भाड्याने दिला तर १३ येतील. म्हणजे ५९. दोन वर्षांनी फुकटचा फ्लॅट संपला की त्यातून भाडं. शहर स्वस्त आणि मी गरीब, असं काहीतरी उत्तर येतंय. माझं गणित कच्चं आहे म्हणून विचारतोय.

बाकी घरात: मुलगी नववीत, तिला डॉक्टर व्हायचंय. मुलगा चौथीत. आई ७३ ची, तिचं भजनी मंडळ मंगळवारी आणि शनिवारी, तिथे तिच्याशिवाय पेटी कोणाला येत नाही. आणि हो, व्यवसाय कर. महाराष्ट्रात वर्षाला २,५०० कापतात, गुजरातेत महिना २०० म्हणजे २,४००. एवढे शंभर रुपये मात्र नक्की वाचतायत.

कोणी गेलंय का? कोणी तिकडचं आहे का?

ठाकुर्ली_फास्ट:

मराठी माणसाचं हेच. पालनपूरचे लोक हिरे घेऊन अँटवर्पला गेले, तिथली भाषा शिकले, बाजार हातात घेतला. आपण कल्याणच्या पुढे गेलो की परदेशात गेल्यासारखं वाटतं. १९ वर्षं नोकरी केली, शेठ विचारतायत, फ्लॅट देतायत. इथे लोक गाडीच्या दारात लटकून मरतायत. जा की.

पुडीवाला:

साहेब, पालनपूरवाले अँटवर्पला मालक म्हणून गेले. मी चिमटा घेऊन चाललोय. मालक गावाला गेला तर धंदा सोबत जातो, नोकर गेला तर सोबत फक्त डबा जातो.

उधन्याची:

पुडीवाला दादा, मी सांगते. माहेर अमळनेर, लग्न होऊन उधन्याला आले त्याला २२ वर्षं झाली. मिस्टर पांडेसऱ्याला मिलमध्ये. तुमचं सगळं वाचलं आणि हसू आलं, कारण तुम्ही सुरत म्हणजे काय लंडन समजून राहिले.

पहिलं, भाषेची भीती काढून टाका. लिंबायत, डिंडोली, उधना, नवागाम, इकडे अर्धा खान्देश आहे. भाजीवाली मराठी, रिक्षावाला मराठी, पोळ्याला बैल रंगवतात, कानबाईचे रोट होतात. आमचे खासदारही मूळचे जळगाव जिल्ह्यातले. महापालिकेच्या मराठी शाळासुद्धा आहेत. पण तुमच्या मुलाला इंग्रजी शाळेत घातलं तरी गुजराती शिकावीच लागेल. २०२३ चा कायदा आहे, पहिली ते आठवी सगळ्या शाळांत. चौथीतलं पोर सहा महिन्यांत बोलायला लागतं, काळजी नको. माझा मुलगा आता मला शिकवतो.

दुसरं, स्वस्त काय ते नीट समजून घ्या. स्वस्त फक्त घर. डिंडोलीत वन बीएचके सहा-सात हजारात मिळतं, तुमच्याकडे तेवढ्यात माळ्यावर झोपायला मिळेल. वेसूकडे मात्र १८-२० मागतात, खजोदच्या जवळ म्हणून. बाकी तेल, दूध, गॅस, मुलांच्या क्लासची फी, कुठे स्वस्त आहे? पुन्हा तुमच्यासारखी लोकल इकडे नाही. बस आहे, पण ड्युटीच्या वेळेला प्रत्येकाच्या बुडाखाली गाडी लागते. दोघं कमावते म्हणजे दोन गाड्या. तुमची तिकडची गाडी आणली आणि वर्षाच्या वर इथे ठेवली तर नंबर बदलावा लागतो, आरटीओच्या चकरा वेगळ्या.

वहिनींच्या कामाचं खरं सांगू का? पतपेढीचं काम इथे मिळेल, पण गुजराती लिहिता-वाचता यायला पाहिजे, नुसतं बोलून नाही चालत. माझी नणंद बी.कॉम. आहे, इकडे येऊन चार वर्षं घरी बसली, मग साडीला टिकल्या लावायचं काम घेतलं. ते लिहिलं नाही तर तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

आणि घर घेतलं तर तळमजला घेऊ नका, कितीही स्वस्त दिला तरी. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीवरच्या उकाई धरणाचं पाणी सोडलं तेव्हा आमच्याकडे पहिल्या मजल्याच्या पायरीला लागलं होतं. आता तापीचं तेवढं नाही, पण खाडीचं पाणी पावसाळ्यात येतंच.

परतलेला:

मी गेलो होतो. पेढीचं नाव लिहीत नाही.

२०२३ च्या दिवाळीनंतर आमच्याकडून चौदा जण गेलो. तुम्हाला सांगतायत तेच आम्हाला सांगितलं होतं, शब्दाला शब्द. राजा थईने रहीश हेसुद्धा. फॅमिलीवाल्यांना फ्लॅट, एकट्यांना चौघांत एक. मी फॅमिली नेली. कळव्याचं घर भाड्याने दिलं, मुलाला तिकडे शाळेत घातलं, शाळेने वर्षाची फी एकदम घेतली.

ऑफिस म्हणजे काय विचारू नका. काच, एसी, लिफ्ट अशी की कानात दडा बसावा. पण आम्ही पहिल्या खेपेतले. आमच्या मजल्यावर आमचं एक ऑफिस उघडं. दुपारी जेवून कॉरिडॉरमध्ये चकरा मारायचो, दोन्ही बाजूंना बंद दारं, हँडलवरचं प्लास्टिक अजून कोणी काढलेलं नाही. मी आणि आमचा तोलणारा, दोघं ते प्लास्टिक नखाने सोलत बसायचो. एवढं निवांत काम आयुष्यात केलं नाही, आणि एवढी भीतीही कधी वाटली नाही.

कारण गिऱ्हाईक नाही. बाहेरचा खरेदीदार मुंबईत उतरतो, बीकेसीत दोन दिवसांत वीस टेबलं बघतो. आमच्या एका टेबलासाठी तो सुरतला कशाला येईल? तेव्हा तिकडे परदेशी विमानं म्हणजे शारजा आणि नुकतंच सुरू झालेलं दुबई. दलालसुद्धा मुंबईतच. त्याला जांगडवर, म्हणजे विकला तर पैसे नाहीतर परत या बोलीवर, माल पाहिजे तर आत्ता पाहिजे, उद्या सकाळच्या अंगडियाने नको. मग शेठने दोन माणसं बीकेसीत ठेवली. मग पाच. मग एक दिवस म्हणाले, चला परत.

चला परत म्हणायला काय जातं? कळव्याच्या घरात भाडोत्री, करार अकरा महिन्यांचा, त्यातले पाच झालेले. तो म्हणाला मी का निघू? बरोबर होतं त्याचं. मी सहा महिने कल्याणला भाड्याने राहिलो, आणि दर पाच तारखेला स्वतःच्या घराचं भाडं घेऊन दुसऱ्याच्या घराचं भाडं भरलं. शाळेने फी परत दिली नाही. कळव्याच्या शाळेत मुलाची जागा गेली होती.

चौदातले जे एकटे गेले होते ते बॅग घेऊन परत आले आणि सोमवारी टेबलावर बसले. आम्ही फॅमिलीवाले वर्षभर भरत होतो.

म्हणून माझं एकच. सुरत चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. पेढी तिथे टिकणार का, आणि टिकली नाही तर तुमचं सामान कोणाच्या खर्चाने परत येणार, हे विचारा. आणि फुकटचा फ्लॅट घेऊ नका. त्याची चावी कंपनीची. नोकरी गेली त्या दिवशी घरही जातं, परक्या गावात, मुलांच्या परीक्षेच्या तोंडावर.

गाड्यांचं विचारणार असाल तर: फ्लाइंग राणी सुरतवाल्यांसाठी आहे, पहाटे मुंबईकडे, संध्याकाळी परत. आपल्याला उलटं लागतं. शनिवारी रात्री घरी यायला ती कामाची नाही, रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास मुंबई सेंट्रलहून परत जायला मात्र बरी. तुम्ही डोंबिवलीचे, येताना वसईला उतरून दिव्याची गाडी बघा, पण ती चुकली की प्लॅटफॉर्मवर डास मारत बसा.

पुडीवाला:

परतलेला भाऊ, हँडलच्या प्लास्टिकचं वाचून पोटात कालवलं. आमच्या शेठच्या ऑफिसचे फोटो बघितले काल, त्यातही आहे ते प्लास्टिक.

पण एक सांगतो. बीकेसीला आलो तेव्हाही म्हातारे दलाल म्हणत होते, ऑपेरा हाउस सोडून बाजार कुठे जाणार नाही. गेला. फूटपाथवर उभं राहून पुडी दाखवणारे लोक आज एसीत बसतात. बाजार एकदा हलला की पाठोपाठ सगळे हलतात. म्हणून नुसतं नाही म्हणायचीही भीती वाटते. ४६ व्या वर्षी मला दुसरा कोण ठेवणार? माझ्या खात्यात आता मशीन आलंय, बारीक मालाचा कलर ते माझ्याआधी सांगतं. मी फक्त त्याच्या चुका काढतो. रोज कमी निघतात.

कागद_आधी:

मी पगारपत्रकं आणि पीएफची कामं करतो, हिरे बाजारातली चार-पाच खाती माझ्याकडे आहेत. भावनेचं तुम्ही बघा, मी कागदाचं सांगतो.

सुरतचं ऑफिस कोणत्या फर्मच्या नावाने आहे? या धंद्यात एका शेठच्या तीन-तीन फर्म असतात. बदली त्याच फर्ममध्ये असेल तर नोकरी सलग. पण इथे राजीनामा लिहून घेऊन तिकडच्या फर्मचं नवीन पत्र दिलं तर १९ वर्षं पाण्यात. राजीनाम्यावर सही करायची असेल तर इथली ग्रॅच्युइटी हातात पडल्याशिवाय करू नका. किंवा नव्या पत्रात आधीची सेवा धरली जाईल हे तारखेसकट लिहून घ्या.

ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुम्ही हातात ४६ लिहिलंय. कागदावर किती आहे? तुम्ही सांगितलं नाही, पण मला अंदाज आहे. २८ हजार मूळ पगार धरला तर १९ वर्षांचे साधारण ३ लाख ७ हजार होतात. ४६ वर धरले असते तर पाच लाखांच्या वर गेले असते. पाकिटातून येणारा पगार कायद्याला दिसत नाही. ही वेळ तो कागदावर आणायला सांगायची आहे, कारण आत्ता शेठना तुम्ही हवे आहात. लाभपंचमीनंतर तुम्हाला ते हवे असतील.

नेमणूकपत्र आहे का? १९ वर्षांपूर्वी कोणी देत नव्हतं. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, प्रत्येकाला पत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. मागा. बदलीची अट आजवर कुठे लिहिलेली नसेल, तर "सुरतला आला नाहीत म्हणजे तुम्हीच नोकरी सोडलीत" असं म्हणणं शेठना जड जाईल. कामावरून कमी करायचं म्हटलं तर महिन्याची नोटीस आणि वर्षाला १५ दिवसांचा पगार, ग्रॅच्युइटी त्याहून वेगळी. पीएफची चिंता नको, नंबर तोच राहतो.

मुलीचं एक, माझ्या भाचीच्या वेळी तोंड पोळलंय म्हणून सांगतो. मेडिकलच्या महाराष्ट्र कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, अधिवासाचा दाखला वेगळा. इंजिनिअरिंगला आईवडिलांच्या दाखल्यावर निभावतं, मेडिकलला तसं नाही. नववीतली मुलगी आज हलवलीत तर हा कोटा गेला समजा.

पुडीवाला:

गणपती उठले. तुम्हा सगळ्यांना सांगायचं राहिलं म्हणून लिहितोय.

कागद_आधी साहेब, तुमचा २८ चा अंदाज बरोबर निघाला. पाचशे रुपयांचा फरक.

मुलीचा नियम बायकोला वाचून दाखवला तेव्हा ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मग झालंच की. आम्ही चौघं इथेच." तिने मला मोजलंच नाही. मला वाटलं होतं रडारड होईल, तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, तुम्हाला रविवारी सुट्टी असेल ना तिकडे?

शेठकडे गेलो. फ्लॅट नको म्हणालो. त्यांना अपमान वाटला, दोन मिनिटं गुजरातीत काय काय बोलले. मग म्हटलं, फ्लॅटऐवजी महिना दहा हजार द्या, आणि पगार सगळा बँकेत. दहाचे आठ झाले. पगाराचं म्हणाले, अर्धा फरक आत्ता कागदावर आणतो, अर्धा होळीनंतर. राजीनाम्याचा कागद खरंच तयार होता, अकाउंटंटच्या फाइलमध्ये, माझ्या नावाचा, फक्त तारीख टाकायची बाकी. मी म्हटलं, यावर सही नाही, आधीची सेवा धरल्याचं पत्र द्या. शेठनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी खोटा माल निघाल्यावर पुडीकडे बघतो. पत्र शुक्रवारी मिळालं. २००७ लिहिलंय त्यात. परत आणायच्या खर्चाचं मात्र ते काही लिहून द्यायला तयार नाहीत. म्हणाले, "पाछा आववानी वात ज नथी." परत यायचा विषयच नाही म्हणे.

परतलेला भाऊ, म्हणून एक बॅगच घेऊन चाललोय. घर भाड्याने देत नाही.

उधन्याची ताई, डिंडोलीत एखादी खोली असेल तर कळवा. एकट्यापुरती, दुसरा मजला किंवा वर, पाच हजारांपर्यंत. डब्याची सोय जवळ असली तर बरं, खान्देशी तिखट चालेल. आईला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं की तिकडची घारी, ती सुरती मिठाई, किती दिवस टिकते.